पंखावरचा बर्फ

टोरंटो, २१ जानेवारी

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "अगं, एवढं अजस्र विमान, त्याला बोटभर बर्फाचं काय ओझं?" मी विमानांवरचा बर्फ काढायच्या ड्युटीला निघाले होते, म्हणून आता निवांत लिहिते.

ओझ्यानं फारसं बिघडत नाही, बाबा. बिघडतो तो पंखाचा आकार. हवा पंखाच्या वरच्या बाजूला चिकटून सरळ मागे गेली तरच तो विमान उचलतो. जाड पॉलिश पेपरइतका खरखरीत थर जरी बसला, तरी ती हवा मध्येच सुटते. मग उचल ३० टक्क्यांपर्यंत घटते, हवेचा अडथळा ४० टक्क्यांपर्यंत वाढतो. त्यातून कॉकपिटमधली धोक्याची सूचना स्वच्छ पंखाच्या हिशोबानं लावलेली. बर्फाळ पंख ती वाजण्याआधीच दगा देऊ शकतो.

१० मार्च १९८९ ला इथल्याच ओंटारिओ प्रांतात, ड्रायडनला, एक फोकर एफ-२८ विमान इंधनासाठी उतरलं. बर्फ पडत होता. विमानाचं एपीयू, म्हणजे इंजिनं सुरू करून देणारं शेपटीतलं छोटं यंत्र, नादुरुस्त. म्हणजे इंजिनं बंद केली तर पुन्हा सुरू करायची तिथे सोय नाही. आणि इंजिन चालू असताना डीआयसिंगला, म्हणजे बर्फ काढणारा द्रव फवारायला, तेव्हा मनाई. तसंच उडालं आणि धावपट्टीपलीकडच्या झाडांत कोसळलं. ६९ पैकी २४ जण गेले. प्रवाशांत दोन पायलट होते, पंखावरचा बर्फ त्यांना दिसत होता, पण कॉकपिटपर्यंत निरोप गेलाच नाही. मला हेच सगळ्यात जास्त टोचतं. न्यायमूर्ती मोशान्स्कींच्या चौकशी आयोगानं मात्र एकट्या पायलटवर खापर न फोडता सगळी व्यवस्थाच तपासली.

आता आम्ही इंजिनं चालू असतानाच फवारतो. आधी गरम, नारिंगी ग्लायकॉल, म्हणजे बर्फ वितळवणारा द्रव. त्यानं बर्फ धुऊन निघतो. मग हिरवा, दाटसर. तो नवा बर्फ धरू देत नाही आणि विमानानं वेग घेतला की वाऱ्यानं ओघळून जातो. त्याच्या असराची मुदत उड्डाणाच्या रांगेतच संपली तर विमान पुन्हा आमच्याकडे. पारदर्शक बर्फ तर दिव्यातही दिसत नाही, हात फिरवूनच कळतो. त्या गारठ्यात बोटं पार बधिर होतात, पण आईला हे वाचून दाखवू नका.

मार्चमध्ये तुम्ही इथून परत निघाल तेव्हा विमान गेट सोडून मध्येच थांबेल, खिडकीवर नारिंगी पाणी उडेल. उशीर झाला म्हणून एअर होस्टेसवर चिडू नका. आणि पंखावर पांढरं काही दिसलंच, तर तिला बेधडक सांगा.

तुमची,
धाकटी