बोटाला शाई लावताना

विश्रामबाग, सांगली
१५ डिसेंबर २०२४

प्रिय बंडू,

काल दत्तजयंती झाली. औदुंबरला जाऊन आलो, काकूंसाठी अंगारा आणि पेढे आणलेत. पुण्याला येणारं कुणी भेटलं की पाठवतो.

पत्र लिहायला बसलोय त्याचं कारण वेगळं आहे. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला, त्या रात्री तू आपल्या कॉलेज बॅचच्या फोनवरच्या ग्रुपवर लिहिलंस, "लोक दीड हजारात विकले गेले. नाहीतर मशीनचा घोळ आहे. आपल्यातल्या एकाला तरी हा निकाल खरा वाटतोय का?" त्याखाली अंगठे पडले, हात जोडले गेले. मी काही लिहिलं नाही. तीन आठवडे झाले, ते वाक्य मनातून जात नाही. ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर दोन मिनिटांत भांडण पेटलं असतं. तू चाळीस वर्षांचा मित्र आहेस, तुझ्याशी मला भांडायचं नाही. तुला सांगायचंय.

तुला ठाऊक आहे, माझी मतदानाची ड्युटी जत तालुक्यात लागली होती. १९ तारखेला साहित्य ताब्यात घेतलं, मशीनच्या पेट्या मांडीवर घेऊन एसटीनं गावात पोचलो, शाळेच्या वर्गात सतरंजी टाकली. मी मतदान अधिकारी क्रमांक दोन. म्हणजे रजिस्टरात नोंद करायची, सही किंवा अंगठा घ्यायचा, डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावायची आणि चिठ्ठी फाडून द्यायची. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. सहाशेच्या वर बोटं त्या दिवशी माझ्या हातातून गेली.

बंडू, माणसाचं बोट हातात धरलं की त्याचा धंदा कळतो. डाळिंबाच्या काट्यांनी ओरबाडलेली बोटं होती. कोयत्यानं टोक उडालेली होती. काही ऊसतोडीवरून फक्त मतापुरती आली होती, चिकट आणि काळपट. एक आजी आली, सत्तरीच्या पुढची. सही येत नाही म्हणाली, म्हणून अंगठा पॅडवर टेकवला, रजिस्टरवर दाबला, तर नुसता निळा ठिपका. रेषाच उमटेनात. दुसऱ्यांदा दाबला, तरी तेच. आजी म्हणाली, "दाबा मास्तर जोरात, न्हाय लागत मला. रेशनच्या मशीनला बी असंच हुतं." जन्मभर खुरपून, शेण सारवून अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. मी ठिपक्यासमोर नोंद केली, शाई लावली, ती मशीन ठेवलेल्या आडोशाकडे, कंपार्टमेंटकडे गेली. बीप वाजला. त्या आजीचं एक मत आणि तुझं एक मत, दोन्ही सारखंच मोजलं जातं. फक्त तिचं मत मोजणीच्या दिवसापर्यंत कुणालाच ऐकू येत नाही.

आदल्या रात्री आमचं जेवण शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी केलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पातळ आमटी. वाढून झाल्यावर दाराशी बसल्या आणि आपणहून बोलायला लागल्या. शाळेत स्वयंपाकाचे महिन्याला अडीच हजार मिळतात, तेही वेळेवर नाहीत. सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे, महिन्याला दीड हजार धरून, ऑगस्टमध्ये राखीच्या आधी तीन हजार एकदम पडले, दिवाळीपर्यंत साडेसात हजार झाले. त्या म्हणाल्या, "ह्यातनं शेळी घेतली. ह्यांना इचारलं न्हाय. लग्नाला सव्वीस वर्सं झाली, न इचारता आणलेली पयली वस्तू." मग थोडं थांबून, "आन् पानी कवा येनार, त्ये कुनीच सांगत न्हाय." मत कुणाला देणार हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचंही बोट माझ्याच हातात आलं. आजवर मला ते मत माहीत नाही, तुला तर त्यांचं नावही माहीत नाही. आणि तू लिहिलंस, विकले गेले.

मला हे लागलं रे.

तू म्हणशील, मास्तर भावनेच्या भरात बोलतोय. मग गणित मांडतो, माझा विषयच तो. दीड हजारानं मत फिरलं असेल तर ते पैसे इस्लामपूरच्या बायकांनाही मिळाले, तासगाव-कवठेमहांकाळच्याही, पलूस-कडेगावच्याही. तिथे जयंत पाटील, रोहित पाटील आणि विश्वजित कदम निवडून आले, म्हणजे विरोधी बाजूचे. जिल्ह्यातल्या आठ जागांपैकी पाच सत्ताधारी महायुतीला, तीन विरोधी आघाडीला. शेजारी साताऱ्यात मात्र आठच्या आठ महायुतीला, आणि कराड दक्षिणला पृथ्वीराज चव्हाण ३९ हजारांहून जास्त मतांनी पडले. रक्कम दोन्ही जिल्ह्यांत एकच, निकाल वेगवेगळा. मधे काय काय असेल? उमेदवार कोण, कारखाना कुणाचा, सोसायटीत कुणाची माणसं, बिल कधी निघालं, कालव्याला पाणी कधी सुटलं, मयतीला कोण आलं, भावकी कुठल्या बाजूला गेली. पैशाचा परिणाम झाला नाही असं मी म्हणत नाही, झालाच असणार. पण ज्या बाईनं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा न विचारता खर्च केला, तिनं ते मनात धरून मत दिलं असेल तर त्याला विक्री म्हणायचं? आपल्या कर्मचारी संघटनांनी जुन्या पेन्शनवर मत देऊ म्हणून जाहीर सांगितलं, तेव्हा आपल्याला कुणी विकाऊ म्हणालं नाही.

आता ग्रुपचं. गेल्या रविवारी कागद-पेन घेऊन बसलो. आपण १४३ जण. सांगली जिल्ह्याच्या यादीत नाव असेल अशी नावं मोजली तर पन्नासही भरेनात. बाकीचे पुणे, ठाणे, बेंगळुरू, दुबई. नोव्हेंबरमध्ये निवडणुकीवर लिहिणारे सतरा, आणि त्यातले बहुतेक मेसेज आठ-नऊ जणांचे, तुझ्यासकट. अठ्ठावीस मुलींपैकी एकीनं लिहिलं, तेही दिवाळीच्या शुभेच्छांखाली. शेतमजुरी करणारा एकही नाही, आणि आपली बॅच कॉलेजची म्हटल्यावर कुठून असणार! अमेरिकेत प्यू नावाच्या संस्थेनं २०१९ मध्ये ट्विटरचा अभ्यास केला, तेव्हा तिथल्या १० टक्के लोकांनी ८० टक्के ट्वीट लिहिल्याचं दिसलं. आपला ग्रुप त्याच हिशेबात बसतो.

वर्गात नमुना निवड शिकवताना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी रुझवेल्ट आणि लँडन यांची लढत होती. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २३-२४ लाख परतही आल्या. त्यावरून त्यांनी छापलं, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं रुझवेल्टनं घेतली. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप यांनी सुमारे पन्नास हजारांच्याच नमुन्यावरून कोण जिंकणार ते बरोबर सांगितलं होतं. साप्ताहिकानं पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, आणि मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे होती? मुलं इथपर्यंत पटकन समजतात. दुसरं कारण त्यांना सावकाश सांगावं लागतं. ज्यांना पत्रिका मिळाल्या त्यांच्यातही उलट टपालानं पाठवण्याची घाई कुणाला होती, तर ज्यांना रुझवेल्टचा राग होता त्यांना. ज्याचं बरं चाललंय त्याला पोस्टात जायचं कारणच नसतं. फोनवर हेच होतं. ज्याला चीड आली तो टाइप करतो. मावशी शेळीला चारा घालायला जातात.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुला वाटेल मास्तर मोबाईलच्याच विरुद्ध आहे. आपला ग्रुप दरवेळी चुकला असं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये साताऱ्यात शरद पवार पावसात भिजत बोलले, तो व्हिडिओ घरोघर फिरला, आणि पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील ८७ हजारांच्या आसपास फरकानं निवडून आले. या वर्षी लोकसभेला आपल्या सांगलीत तर काय वातावरण होतं! जागा आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, वसंतदादांचे नातू विशाल पाटील लिफाफा हे चिन्ह घेऊन अपक्ष उभे राहिले, आणि एक लाखावर मतांनी निवडून आले. ग्रुप म्हणत होता तेच झालं. पण ते आपण शहाणे होतो म्हणून नव्हे. वसंतदादांच्या घरावर अन्याय झाला ही गोष्ट चहाच्या गाड्यावर होती, बेदाण्याच्या सौद्यात होती, मिरजेच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या पेशंटच्या तोंडी होती. जमिनीवरचं आणि फोनवरचं त्यावेळी एक झालं. राज्यात ४८ पैकी ३० जागा आघाडीच्या आल्या आणि आपण मनाशी पक्कं केलं, आपल्याला कळतं. तेव्हा दुसऱ्या बाजूच्या ग्रुपवर अगदी तुझ्यासारखंच लिहिलं जात होतं, लोक फसले, लोकांना अक्कल नाही. माझ्या मेहुण्यानं मला ते दाखवलं होतं. साडेपाच महिन्यांत शब्द इकडचे तिकडे झाले, लोक तेच.

आणि त्याच लोकसभेला साताऱ्यात बघ. आपण फोनवर गादी, निष्ठा, गद्दारी यावर रात्र-रात्र लिहीत होतो. उदयनराजे ३२,७७१ मतांनी निवडून आले, आणि पिपाणीसारखं चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह, तुतारी वाजवणारा माणूस, शोधताना लोकांचं बोट पिपाणीवर गेलं, असं हरलेल्या बाजूनं सांगितलं. आपल्यातल्या कुणाच्या मनात तरी हे आधी आलं होतं? मशीनवर चिन्ह केवढं दिसतं, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना काय दिसतं, हे फोनवरच्या वादात कधी येतच नाही. मी टेबलामागे बसून बघतो, माणसं कंपार्टमेंटमध्ये किती वेळ उभी राहतात ते.

जतचंच सांगतो अजून एक. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या चाळीस गावांवर हक्क सांगितला, आठवतं? ग्रुपवर किती रक्त उसळलं होतं. तूच लिहिलं होतंस, एक इंच देणार नाही. त्या गावांनी कर्नाटकात जाण्याचा ठराव काही वर्षांपूर्वी केला होता तो पाण्यासाठी. अस्मिता आपली पेटली, तहान त्यांची होती. या खेपेला मी त्याच भागात दोन दिवस राहिलो, अर्धी माणसं घरात कन्नड बोलतात, आणि तोंडात शब्द एकच, विस्तारित म्हैसाळ, म्हणजे तिथे पाणी आणायची योजना.

आता मशीन. मला यात बाजू घ्यायची नाही, सरकारी माणूस म्हणून घेताही येत नाही. पण जे हातानं केलं ते सांगतो. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या एजंटांसमोर पन्नासावर मतं टाकून चाचणी घेतली, मोजून दाखवली, पुसली, सील केलं, त्यांच्या सह्या घेतल्या. संध्याकाळी किती मतं पडली त्याचा १७-सी फॉर्म भरून एजंटांच्या हातात प्रत दिली. कुणाला शंका असेल तर त्या कागदापासून सुरुवात करावी. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीचे लोक निकाल पटला नाही म्हणून गावात मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायला निघाले होते. त्यांच्याशी तू सहमत असशील-नसशील, पण त्यांनी प्रश्न विचारला तो स्वतःच्या गावातल्या आकड्यावर. तिथे प्रत्येक घर त्यांना माहीत आहे. तू प्रश्न विचारतोस तो "आपल्यातल्या एकाला तरी" यावर. आपल्यातल्या एकाला वाटलं नाही याचा अर्थ आपल्यात तो माणूस नव्हता, एवढाच निघतो. मशीनबद्दल त्यातून काहीही निघत नाही.

शेवटचं, जड मनानं लिहितोय. काकूंचं आणि तुझं नाव अजून गावभागातल्याच यादीत आहे. मेमध्ये लोकसभेच्या मतदानाला तू आलास, आपण हरभट रोडवर भेळ खाल्ली. २० नोव्हेंबरला बुधवार होता, तू आला नाहीस. राग नाही, कामं असतात. पण यादीत त्या दिवशी तुझ्या नावापुढे खूण झाली नाही आणि त्या आजीच्या नावापुढे झाली. पुण्यातच राहणार असशील तर फॉर्म ८ भरून नाव तिकडे घे. इथेच ठेवणार असशील तर महापालिकेची निवडणूक लागेल तेव्हा मी फोन करीन, मुक्कामाला माझ्याकडे ये.

मावशींनी हुरड्याला बोलावलंय. जानेवारीत ज्वारी भरते. २६ तारखेला रविवार आहे, सकाळी शाळेत झेंडा झाला की मी मोकळा. तू शनिवारी रात्री ये, काकूंना घेऊन ये, वहिनींना यायचं असेल तर त्याही. गाडी तुझी, रस्ता मी दाखवतो. मावशींना आधी सांगितलंय की माझा एक मित्र येणार आहे. त्यांनी विचारलं, शेंगाची चटणी तिखट चालंल का. मी हो म्हणून बसलोय.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
मास्तर