ओहोटी न पाहता आखलेल्या बेटसहलीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: कयाकची फेरी न झाल्याबाबत आणि मुलांच्या लाइफ जॅकेटबाबत

महोदय,

गेल्या पौर्णिमेला आम्ही चौघे आपल्यामार्फत बेटावर गेलो होतो. बेट अप्रतिम आहे, टेकडीवरच्या पायवाटेवर नेणारा वाटाड्याही जाणकार होता. तक्रार आहे ती सकाळी ११ वाजताच्या कयाकच्या फेरीबद्दल.

आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा ओहोटी लागून पाणी पार मागे हटले होते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटी खाली जाते. पाणी घोट्याएवढे होते आणि खाली प्रवाळ. आपल्या माणसाने कयाक ओढत खोल पाण्यापर्यंत न्यायला सांगितले. पहिल्याच कयाकखाली करकर आवाज झाला. वाकून पाहिले, तर बोटाएवढी फांदी तुटून पडली होती आणि तुटलेली जागा पांढरीफटक दिसत होती. आम्ही तिथेच थांबलो. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत असते. गोल, दगडासारखे दिसणारे प्रवाळ तर वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. त्यावरून नाव ओढायला सांगणे मला अजूनही सहन होत नाही.

कार्यालयात "समुद्र काही आमच्या हातात नाही" असे उत्तर मिळाले. पण भरती-ओहोटीचे वेळापत्रक वर्षभर आधी छापून येते! ओहोटीनंतर साधारण सव्वासहा तासांनी भरती येते. टेकडी सकाळी आणि कयाक दुपारी ४ नंतर, एवढी अदलाबदल केली असती तरी पुरे होते.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. माझ्या ७ वर्षांच्या मुलीला मोठ्यांचे लाइफ जॅकेट दिले. पट्टे आवळून खांद्यांशी धरून उचलले, तर ते थेट तिच्या कानांपर्यंत सरकले. लहान माप मागितले तर "चालतं हो, सगळेच घालतात," असे सांगण्यात आले. पाण्यात पडल्यावर असे जॅकेट अंगातून निसटते. त्या दिवशी ती पाण्यात उतरली नाही, म्हणून निभावले.

कयाकच्या फेरीचे चौघांचे पैसे परत करावेत. लहान मापाची जॅकेट येईपर्यंत मुलांना पाण्यात नेऊ नये आणि फेरीची वेळ भरती बघूनच द्यावी. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. पावती आणि त्या जॅकेटचा फोटो सोबत जोडला आहे.

आपली,
एक ग्राहक