गॅस भरण्याआधी कारण शोधणाऱ्या मेकॅनिकदादांना

प्रिय दादा,

आमच्या जुन्या गाडीचा एसी तुम्ही पुन्हा गार केलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुमची कामाची पद्धत जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असायला हवी असं मला वाटतं.

कूलिंग कमी झालं की "गॅस भरून टाकू" हे उत्तर आम्हाला पाठ झालं होतं. थोडे दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा कोमट हवा. मागच्या सीटवर बसणाऱ्या आईला तर उन्हाळ्यात गाडी नकोशीच झाली होती. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "गाडी पळताना गार करतो की उभी असतानाही?" पळताना बरा, सिग्नलला थांबलं की गरम, एवढं ऐकून तुम्ही बॉनेट उघडलंत आणि थेट कंडेन्सरचा, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या भागाचा, फॅन बघितलात. धावत्या गाडीत वारा आपसूक कंडेन्सरमधून जातो, उभ्या गाडीत सगळी भिस्त फॅनवर. आमचा फॅन फिरत होता, पण रखडत. आतली उष्णता कंडेन्सरमधून बाहेर पडलीच नाही तर गॅस कितीही भरा, हवा गार होणार कुठून?

कंडेन्सर समोरून स्वच्छ दिसायचा. त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत मात्र धूळ, पालापाचोळा आणि मेलेले किडे यांचा जाड थर निघाला. त्यावर तुम्ही जोराचा फवारा मारला नाहीत, कारण त्याने कंडेन्सरच्या फिन्स, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, आडव्या होतात. साध्या पाइपने मागच्या बाजूने पुढे पाणी सोडलंत, वाकलेल्या फिन्स हळूहळू सरळ केल्यात. हे किचकट काम कुणी बिलात वेगळं लिहीत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

फॅनची मोटर बदलल्यावरही तुम्ही थांबला नाहीत. एसीचा गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. जुन्या रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण एका मोसमात कमी पडत असेल तर गळतीच शोधायची, असं तुम्ही सांगितलंत. गॅस दाबून पुढे ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, म्हणून गळणाऱ्या जोडावर तेलकट डाग पडतो. तसा डाग तुम्हाला एका जोडावर सापडला. तिथली ओ-रिंग, म्हणजे जोड घट्ट ठेवणारी रबरी कडी, नवी घातलीत, सिस्टीम उघडलीच होती म्हणून ओलावा शोषणारा ड्रायरही बदललात, मग व्हॅक्यूम पंपाने आतली हवा काढून दाबमापकाचा काटा जागचा हलत नाही ना, म्हणजे कुठे गळती उरली नाही ना, याची खात्री केलीत. गॅसही अंदाजाने नाही, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे वजन करून भरलात. गॅस जास्त झाला तरी कूलिंग घटतं, हे मला तेव्हाच कळलं.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे विशेष आभार. सिस्टीम उघडण्याआधी उरलेला गॅस तुम्ही हवेत न सोडता मशीनमध्ये काढून घेतलात. आमच्या गाडीतला आर-१३४ए हा गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. व्हॉल्व्ह दाबून तो सोडून देणं किती सोपं होतं! कुणी विचारणारही नव्हतं.

शेवटी गाडी उभी ठेवून, इंजिन चालू ठेवून तुम्ही गार हवा येते त्या मधल्या जाळीत थर्मामीटर लावलात आणि मला बघायला बोलावलंत. ८ अंश. आई आता लांबच्या प्रवासालाही स्वतःहून तयार होते, आणि गाडी विकण्याचा विषय घरात मागे पडलाय.

थंडीच्या दिवसांतही अधूनमधून दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे तेल फिरत राहतं आणि कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडत नाही, हा तुमचा सल्ला बाबांनी मनावर घेतलाय. पुढच्या उन्हाळ्याआधी गाडी तपासायला तुमच्याकडेच आणू.

आपली कृतज्ञ,
एक ग्राहक