ताट रिकामे परत द्यावे का?

महोदय,

नाताळ आला की 'सत्कर्म करा, देव पावेल' असे संदेश मोबाईलवर फिरू लागतात. संदेश वाईट नाहीत. पण ख्रिस्ती श्रद्धेचे सार म्हणून ते छापले जातात तेव्हा खटकते.

आमच्या वेंगुर्ल्याकडे नाताळाला शेजारी नेवऱ्यांचे ताट जाते. शेजारच्या काकू ते कधी रिकामे धाडत नाहीत. नारळ, नाहीतर मूठभर तांदूळ घालतातच. कोकणची रीतच ती. ख्रिस्ती श्रद्धेतली 'कृपा', म्हणजे न कमावता मिळणारे देवाचे दान, नेमकी या रीतीत बसत नाही. संत पौल बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (अध्याय २) म्हणतो की तारण, म्हणजे पापातून सुटका, हे देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नव्हे. कोणी बढाई मारू नये म्हणून. मग सत्कर्मे कशाला? पुढच्याच ओळीत तीही आहेत, पण दानाची किंमत म्हणून नव्हे. लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची बातमी आधी कळते ती रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. त्यांनी ती कमावली होती, असे लूक कुठेच म्हणत नाही.

तारण कृपेने की कर्मांनी, याच प्रश्नावर सोळाव्या शतकात चर्च दुभंगले. कॅथलिक आणि लुथरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) यांनी त्यावरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या त्या थेट ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी! आपल्या नाताळ पुरवणीत केक-रोषणाईच्या शेजारी यालाही चार ओळी मिळाव्यात.

गेल्या वर्षी काकूंना म्हटले, "यंदा ताट रिकामेच द्या." त्या "बरं" म्हणाल्या आणि संध्याकाळी दोन शहाळी पाठवली.

– एक वाचक, वेंगुर्ले