कातरणाची पिशवी

सातारा,
२२ जुलै २०२५

प्रिय कुंदा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिलेली नाही. फोनवर दर वेळी "सविस्तर पत्रात लिहिते" असे म्हणून वेळ मारून नेली आणि आता लिहायला बसले आहे तीही गरज पडली म्हणून, हे आधीच कबूल करून टाकते. प्रकृती ठीक आहे. गुडघा आहे तसा आहे, ह्यांची साखर ताब्यात आहे. जे घडले ते इथे कुणाला सांगण्यासारखे नाही. ह्यांना सांगून पाहिले, तर "एवढ्याशा कागदाचे काय घेऊन बसलीस?" असे म्हणून पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. कागद एवढासाच आहे, हे खरे: दोन बोटे रुंद, वीतभर लांब आणि पिवळा. पण तुझ्या कंदिलावर मी डकवलेला सोनेरी कागद तरी केवढा होता?

होय, तो विषय आज मीच काढते आहे. रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच.

वाचनालयाच्या बालविभागातला माझा रविवारचा वर्ग अजून चालू आहे. "शाळा सुटली तरी हिची कात्री सुटत नाही" असे म्हणून तू त्याला हसली होतीस. (कात्रीवरून आठवले: माझी नागमोडी कात्री १९७० सालापासून तुझ्याकडे आहे.) गेल्या वर्षी मी असे ठरवले की आपले सण मुले घरी करतातच, तेव्हा इथे दूरदेशीचे सण हातांनी करून पाहावेत. डिसेंबरात फिलिपिन्समधला पारोल केला. बांबूच्या कामट्यांच्या दोन चांदण्या टोकांशी एकमेकींना बांधायच्या, मधल्या कोनांत आडव्या काड्या खोचून त्यांना पोट आणायचे आणि वर पतंगी कागद चढवायचा; आपल्या आकाशकंदिलाचा तो सख्खा मावसभाऊच आहे. मार्चच्या पहिल्या रविवारी बल्गेरियातली मार्तेनित्सा केली. पांढऱ्या आणि तांबड्या लोकरीचा पीळ १ मार्चला मनगटावर बांधायचा आणि करकोचा किंवा फुललेले झाड दिसले की सोडून त्या झाडाला अडकवायचा, अशी तिकडची रीत आहे. तिकडे थंडी सरण्याची वाट पाहावी लागत असेल, आमच्या अंगणात पांगारा आधीच पेटलेला होता, त्यामुळे तासभर खपून वळलेले धागे मुलांनी पाच मिनिटांत त्याला लटकवले आणि "आता काय करायचे, बाई?" असे म्हणत माझ्यापुढे उभी राहिली. इराणी नवरोजासाठी बशीत गहू रुजवायला सांगितले, तेव्हा एका आजीने "हे तर आमच्या घटातले धान" असे म्हणून माती किती ओली ठेवायची ते मलाच शिकवले.

हे सगळे हसतखेळत चालले, कारण त्यात कापायचे, वळायचे, चिकटवायचे होते. मुलांना मनातले काही सांगायचे नव्हते. जुलैत मी तानाबाता घेतला आणि तिथे फसले.

हा जपानचा सण सातव्या महिन्याच्या सातव्या रात्रीचा, म्हणजे आता ७ जुलैचा. मूळ गोष्ट चीनमधून तिकडे गेलेली आहे. विणकरीण ओरिहिमे आणि गुराखी हिकोबोशी लग्नानंतर एकमेकांत इतके रमले की माग धूळ खात पडला आणि गुरे मोकाट सुटली. तेव्हा तिच्या बापाने दोघांना आकाशगंगेच्या दोन तीरांवर ठेवले आणि वर्षातून एका रात्रीची भेट नेमून दिली. ती तारका म्हणजे आपला अभिजित आणि तो गुराखी म्हणजे आपला श्रवण. त्या रात्री पाऊस आला तर भेट हुकते, असे मी सांगितले मात्र, खिडकीबाहेरच्या धारांकडे पाहून एकजण म्हणाला, "मग बाई, साताऱ्यातून बघितले तर त्यांची भेट कधीच झाली नसणार." या मुलांपुढे गोष्ट सांगणे म्हणजे उलटतपासणीला उभे राहणे आहे.

त्या दिवशी लोक कागदाच्या पट्टीवर आपली इच्छा लिहून ती पानांसकट आणलेल्या बांबूला बांधतात. पट्टीला तान्झाकू म्हणतात. ओरिहिमे विणकरीण असल्यामुळे पूर्वी मागणेही हाताच्या कसबाचे असे, शिवण सुधारू दे, अक्षर चांगले येऊ दे, अशा प्रकारचे. आपल्या चित्रकलेच्या बाईंना हा सण फार आवडला असता. सेंदाई या शहरात पट्ट्यांबरोबर आणखी सहा वस्तू टांगतात: कागदी किमोनो, घडीचा करकोचा, बटवा, मासे धरायचे जाळे, मागावरच्या धाग्यांसारख्या लांब झिरमिळ्या आणि एक कचऱ्याची पिशवी. मला सगळ्यांत जास्त आवडली ती पिशवी. बाकीच्या वस्तू करताना जे कातरण उरते ते तिच्यात भरायचे आणि तीही शोभेच्या वस्तूंच्या शेजारीच टांगायची, म्हणजे टापटीप राहते आणि काटकसरीची आठवण राहते. घोटीव कागदाला घड्या घालून आलटून पालटून चिरा द्यायच्या आणि घडी उलगडून हलकेच ओढायची. कागदाची जाळी होते आणि खाली पोट सुटते. वर्गातल्या मुलांना ते ओढणे इतके आवडले की आम्ही अकरा पिशव्या केल्या, आणि तेवढे कातरण कुठून आणायचे म्हणून चांगले कागद कापून कातरण केले. काटकसर तिथेच संपली.

रविवार ६ तारखेचा होता, म्हणजे नेमकी आषाढी एकादशी. अर्धी मुले दिंडीतून थेट आली होती, कपाळावर गंध आणि बुक्का तसाच होता. एका मुलीने आपल्या पट्टीवर "विठ्ठलास" असा मायना घातला आणि तारकांना राग तर येणार नाही ना, असे मला विचारून घेतले. बाकीच्या पट्ट्यांवर कुत्रा हवा होता, खिडकीजवळचा बाक हवा होता, आणि एकीला ताईचे लग्न ठरायला हवे होते, पण तिची खोली लगेच मिळणार असेल तरच. पाच वाजता पालक बांबू पाहायला येणार होते म्हणून मी साडेचारला मुलांना हात धुवायला पाठवले आणि शुद्धलेखनाच्या जुन्या खोडीने एकेक पट्टी वाचत गेले. पिवळ्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिले होते: "बाबांची बदली लांब होऊ दे."

कुंदा, "लांब" हा शब्द ओळीत नव्हता. तो काकपद घालून वर लिहिलेला होता. म्हणजे मुलाने आधी नुसती बदली मागितली, मग पुन्हा वाचून पाहिले आणि अंतराची सोय केली.

मी ती पट्टी सोडली. दोऱ्याच्या गाठीवर गाठ होती, नखांनी उकलायला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मला थांबता आले असते. पट्टीची चौघडी करून मी ती जवळच्या कातरणाच्या पिशवीत, तळाशी सरकवली. त्याचे वडील आले. छत्री दाराबाहेर नीट निथळत ठेवून आत आलेले, मला वाकून नमस्कार करणारे, स्वच्छ इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. त्यांच्यात खोट काढावी असे मला काही दिसले नाही. त्यांनी चष्मा पुसून एकेक पट्टी वाचली आणि विचारले, "आमच्या चिरंजीवांनी काय मागितले आहे?" मी म्हणाले, "वाऱ्याने सुटून पडली असेल." खिडक्या सगळ्या बंद होत्या. मुलगा माझ्याकडे पाहत होता. वडील पुढे गेल्यावर तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी घट्ट बांधली होती."

आता तुला कळले असेल की हे पत्र मी तुलाच का लिहिते आहे. आपण सातवीत होतो, शाळेच्या सभागृहात कंदिलांचे प्रदर्शन होते आणि दिव्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. तुझ्या पांढऱ्या कंदिलाच्या एका बाजूला तू टाचणीने टोचून अक्षरे काढली होतीस; दिवा लागेपर्यंत ती कुणालाही दिसत नव्हती. पाहुणे येण्याआधी मी दिवे लावून पाहिले आणि तुझ्या कंदिलावर उजळले: "अण्णा, आईशी बोला." मी त्यावर आतून सोनेरी कागद डकवला. तुझी शोभा होऊ नये म्हणून मी तसे केले, असे तेव्हा सांगितले आणि नंतरही कित्येक वर्षे मनाशी सांगत आले. अण्णा आले, तुझ्या कंदिलापुढे उभे राहिले, "छान जमला आहे" असे म्हणाले आणि गेले. त्या संक्रांतीला तू माझ्या हातावर तिळगूळ ठेवलास आणि तोंडातून शब्द काढला नाहीस. पुढे तुमच्या घरी जे झाले ते झाले. त्याचा त्या कागदाशी संबंध नाही, असे तुझी आई मला एकदा आपणहून म्हणाली होती. मी काही विचारले नव्हते, तरी म्हणाली होती.

तेव्हा मी बारा वर्षांची होते, आता सहासष्ट वर्षांची आहे, आणि हात तोच चालला.

गेले दोन आठवडे मी दोन्ही बाजूंनी विचार करते आहे. कदाचित काहीच नसेल. गणिताचा अभ्यास घेणारा बाप कुठल्याही मुलाला लांब गेलेला हवा असतो. माझ्या भावाने तर आमच्या बाबांसाठी अंदमान निवडून ठेवले होते. कदाचित वडिलांनाच बढतीवर बदली हवी असेल आणि पोराने घरात ऐकलेले शब्द लिहिले असतील. पण तसे असते तर काकपद कशाला? त्याच्या आईला गाठून विचारावे, तर ती पट्टी तिच्या हातात देणे आले, आणि त्यानंतर ती कुणाच्या हातात जाईल ते माझ्या हाती राहत नाही. मुलालाच विचारावे म्हणून १३ तारखेला ब्रश धुताना "घरी सगळे बरे ना?" असे मी सहज वाटावे अशा सुरात विचारले. तो "हो" म्हणाला आणि ब्रश माझ्यापेक्षा स्वच्छ धुऊन ठेवून गेला. ज्या बाईने त्याचे लिहिलेले लपवले, तिला त्याने बोललेले का द्यावे?

आणि मी बसले आहे नोव्हेंबरची आखणी करत. २ नोव्हेंबरला या वर्षी रविवार आहे, आणि मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांचा सण असतो. तिथल्या पुएब्ला प्रांतातले कारागीर पातळ रंगीत कागदांची चवड करून छिन्नी-हातोडीने एकदम कितीतरी तोरणे कापतात. आम्ही घडी घालून कात्रीने कापणार होतो. गेलेल्यांच्या फोटोंपुढे तिकडे झेंडू रचतात, आणि दसऱ्याला आपण ज्याला आपला म्हणतो तो झेंडू मूळचा तिकडचाच आहे. हे मुलांना सांगायचे म्हणून मी खूश होते. आता वाटते, मुलांनी फोटो आणले तर? एकाचे आजोबा, एकीचा धाकटा भाऊ. दोन पालकांनी आधीच "दिवाळी सरते न सरते तोच मेलेल्यांचे काय?" असे विचारले आहे. त्यांना पितृपक्षाचे उत्तर देता येईल. मुलांना काय द्यायचे ते मला माहीत नाही, आणि तोरणे तेवढी कापून घेऊन बाकीचे गाळावे, एवढे सोयीचे मला आता जमणार नाही.

तुझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट झाली, हे धाकट्या वन्संकडून कळले. थेंब वेळेवर घाल आणि उगाच फोडण्या देत धुरात उभी राहू नकोस. नातीला माझे आशीर्वाद सांग. भाडेकरूने खोली सोडली का? इंदूरला यायचे मनात आहे, ते गुडघ्याला विचारून ठरवीन.

परवाच्या रविवारची गोष्ट राहिली. वर्ग संपल्यावर तो मुलगा मागे रेंगाळला आणि पुन्हा बांबू उभा करणार का, असे त्याने विचारले. सेंदाईत हा सण ६ ते ८ ऑगस्टला करतात, असे मीच सांगितले होते आणि ते त्याने लक्षात ठेवले होते. मी घाईघाईने म्हणाले, "हो, १० ऑगस्टला करू, राखीच्या दुसऱ्या दिवशी." त्याने खिशातून गुंडाळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "या वेळी नायलॉनचा दोरा आणला आहे, बाई," तो म्हणाला. "वाऱ्याने सुटत नाही."

ती गुंडाळी आणि ती पिवळी पट्टी, दोन्ही आत्ता माझ्यासमोर आहेत. त्याला ती परत द्यावी, की नवी लिहू द्यावी आणि पाच वाजता वडिलांना येऊ द्यावे, हे मला तूच सांगायला हवे, कारण तुझ्या कंदिलावरचा कागद मी डकवला नसता तर तुला बरे वाटले असते की नाही, हे मी तुला आजवर कधी विचारलेलेच नाही. पत्राची वाट पाहायला वेळ नाही. १० तारखेच्या आत फोन कर. दुपारी दोननंतर कर, तेव्हा हे झोपलेले असतात.

तुझी,
मालू