टक्के कशाचे, तेही छापा

संपादक महोदय,

कालच्या अंकातली त्या रस्त्याची बातमी वाचली. परदेशी कर्जावरचे काम समाधानकारक चालले आहे, एवढे टक्के पूर्ण झाले, पाहणी करून कर्ज देणाऱ्या बँकेचे पाहुणे परत गेले, असे आपल्या प्रतिनिधीने लिहिले आहे. टक्के कशाचे, हे त्यांनी कुणाला विचारलेले दिसत नाही. अशा कामांवर सल्लागार कंपनीतर्फे साइट इंजिनीअर म्हणून मी नोकरी केली आहे, त्यामुळे वाचून गप्प बसवेना.

हे टक्के बहुतेक वेळा पैशांच्या हिशेबाने निघतात. पायलिंग (जमिनीत खोल घातलेले पायाचे खांब), पिअर (पुलाचे खांब), गर्डर (त्यांवरच्या तुळया) ही कंत्राटातली महागडी कलमे. ती उरकली की आकडा भराभर चढतो. गटारे, मोऱ्या, पदपथ, दिवे यांचा वाटा इतका थोडा, की ती झाली नाहीत तरी आकड्याला फारसा धक्का लागत नाही. त्यात साइटवर येऊन पडलेल्या सळईपोटी कंत्राटदाराला उचल मिळाली की खर्च आणखी वर दिसतो, आणि सळई अजून ताडपत्रीखालीच असते.

उपनगरातल्या अशाच एका कर्जाऊ कामावर रस्त्याखालून एक पाइप मोरी होती. पाइप टाकून झाले, मोजमाप पुस्तकात मीटर चढले, आर.ए. बिलात, म्हणजे कंत्राटदाराच्या चालू बिलात, पैसे निघाले. कलम शंभर टक्के पूर्ण! पण खालच्या अंगाला मोरी नाल्याला जोडलेलीच नव्हती, कारण मध्ये जुनी जलवाहिनी आडवी येत होती आणि ती हलवायची कुणी, यावर दोन खात्यांचा पत्रव्यवहार चालू होता. मी महिन्याच्या तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात ‘नाल्याला जोडणी बाकी’ असे लिहिले. पुढच्या महिन्यात पुन्हा लिहिले. कर्ज देणाऱ्या बँकेकडे गेलेल्या अहवालाची प्रत नंतर हाती आली, तेव्हा त्यात शेऱ्याचा रकानाच नव्हता. वरिष्ठांना विचारले, तर म्हणाले, त्यांच्या नमुन्यात तो बसत नाही.

पावसाळ्यात व्हायचे तेच झाले. रस्त्याच्या कडेला पिठाची गिरणी होती. पाणी ओट्यावरून आत शिरले, गिरणीची मोटर बुडाली. मी गेलो तेव्हा मालकीणबाई भिजलेली पोती दाराबाहेर ओढत होत्या, गव्हाला आंबूस वास सुटला होता. मला म्हणाल्या, “साहेब, तुमची मोरी झाली ना पूर्ण? मग पाणी जातंय कुठं?” त्यांच्या नुकसानीला त्या अहवालात जागा नव्हती आणि भरपाईच्या कुठल्याही कलमातही नव्हती. त्या प्रसंगाचा राग अजून गेलेला नाही.

सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याचे काय झाले ते आपल्या वाचकांना सांगायला नको. जागतिक बँकेने २००२ मध्ये मंजूर केलेल्या एमयूटीपीच्या (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या) कर्जातला तो रस्ता, लांबी जेमतेम साडेसहा किलोमीटर. बँकेची पथके पाहणीला येत होती, अहवाल जात होते. तरीही पुनर्वसनातला घोळ चव्हाट्यावर आला तो २००४ मध्ये दुकानदारांनी आणि रहिवाशांनी बँकेच्या तपासणी पॅनेलकडे, म्हणजे बाधितांच्या तक्रारी तपासणाऱ्या तिच्या स्वतंत्र मंडळाकडे, तक्रारी केल्या म्हणून. मार्च २००६ मध्ये रस्त्यांचे आणि पुनर्वसनाचे पैसे बँकेने रोखले, जूनअखेर पुन्हा सुरू केले. कर्जाची मुदत २०११ मध्ये संपली आणि रस्ता उघडला एप्रिल २०१४ मध्ये. म्हणजे सावकाराची मुदत संपल्यावरही लोक कुर्ल्याच्या कोंडीत तसेच अडकून होते. रेल्वेवरचा पूल होत नाही तोवर दोन्ही बाजूंचे डांबर कितीही टक्के भरो, पलीकडे जाता येत नाही.

अटल सेतूला जायका या जपानी सरकारी संस्थेचे कर्ज, भुयारी मेट्रो ३ लाही. अशी कामे पुढेही होणार आणि फेड आपल्याच खिशातून होणार. जागतिक बँक प्रगतीचे अहवाल संकेतस्थळावर टाकते, पण ते इंग्रजीत. गिरणीवाल्या बाईंना ते कोण वाचून दाखवणार? साइटवरच्या फलकावर मराठीत एवढे लिहा: कोणत्या टप्प्यात कोणते कलम बाकी आहे, कशामुळे बाकी आहे आणि अडथळा काढायचा कोणत्या खात्याने. शेऱ्याचा रकाना वगळू नका. साइटवरच्या माणसाने लिहिलेला शेरा कार्यालयात बसून कुणी खोडत असेल, तर त्याला जबाबदार धरा.

एक तक्रार आपल्याकडेही आहे. वाचकांच्या पत्रांची जागा आपण गेल्या काही महिन्यांत निम्म्यावर आणली आहे, आणि त्याच पानावर बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिराती वाढल्या आहेत. रस्त्याकाठच्या माणसाला नाला तुंबल्याचे सांगायला हीच एक जागा उरली होती. ती परत द्यावी. आणि पुढच्या पाहणीला आपला प्रतिनिधी जाईल तेव्हा त्याने टक्के लिहून घेण्याआधी मोऱ्यांची यादी मागावी आणि त्यातली एक तरी मोरी खालच्या तोंडापर्यंत चालत जाऊन बघावी.

आपला,
एक निवृत्त साइट इंजिनीअर, चेंबूर