त्या गार्नेटचं काय झालं?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसूच आलं. म्हणे, ‘पदवी भौतिकशास्त्राची, दगडातलं ओ की ठो कळत नाही, मला भूशास्त्राच्या उच्च शिक्षणाला कोण घेणार?’ अरे, पृथ्वीच्या गाभ्यात आणखी एक गाभा आहे हे १९३६ साली भूकंपलहरींवरून मांडणाऱ्या इंगे लेमान मूळच्या गणिताच्या. १९१२ साली खंड सरकतात म्हणणारे वेगेनर हवामानशास्त्रज्ञ, आणि त्यांची डॉक्टरेट तर खगोलशास्त्रातली. लहरींचं गणित येणारा विद्यार्थी भूकंपशास्त्रवाल्यांना हवाच असतो. खनिजं काय, सहा महिन्यांत ओळखता येतात. (बरं, वर्षभरात. फेल्डस्पार जरा छळतात.)

माझीच फजिती सांगतो. माझ्या एसओपीचं, म्हणजे ‘मला हे का शिकायचंय’ सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनाचं, पहिलं वाक्य होतं, ‘लहानपणापासून मला निसर्गाची ओढ होती.’ साफ खोटं! लहानपणी दगड नेम धरून मारण्यापुरता ठाऊक होता. मला शिकवणाऱ्या मॅडमनी तो अख्खा परिच्छेद पेन्सिलीनं आडवा छाटला आणि विचारलं, “त्या गार्नेटचं काय झालं?”

तो गार्नेट म्हणजे शिस्ट नावाच्या पापुद्र्यांच्या खडकाच्या एका थिन सेक्शनमधला, त्या खनिजाचा स्फटिक. ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप. मायक्रोस्कोपखाली दोन पोलरॉइड (एकाच दिशेनं कंपणारा प्रकाश सोडणाऱ्या चकत्या) एकमेकांना काटकोनात आणले की गार्नेट काळाठिक्कर पडतो, काप ठेवलेली स्टेज कितीही फिरव. पण त्याच्या पोटात क्वार्ट्झचे बारीक कण लुकलुकत होते, आणि त्यांची रांग सरळ नव्हती, नागमोडी वळलेली होती. आता हा स्फटिक वाढता वाढता गरगरला, की तो जागच्या जागी राहिला आणि भोवतालचा खडकच वळला? यावर जाणकार कित्येक दशकं भांडताहेत. मी आठवडाभर त्या कापाला चिकटून होतो, आणि एसओपीत त्याचं नावही नव्हतं! मग सगळं फाडून त्याच्यापासूनच सुरुवात केली.

प्राध्यापकांना लिहितानाही तेच. आधी पंधरा जणांना एकच मेल पाठवला. एकात तर आधीच्या सरांचं नाव तसंच राहिलं. उत्तर शून्य. मग चौघांचेच लेख नीट वाचले आणि विचारलं, काप कोणत्या दिशेनं घेतला यावर ती वळणं बदलतात, तर तुम्ही दिशा कशी ठरवता? दोघांनी लगेच लिहिलं. त्यातल्या एकांनी कळवलं की यंदा विद्यार्थ्यासाठी निधीच नाही. वाईट वाटलं, पण निदान अर्जाचं शुल्क वाचलं. तूही हे आधीच विचार, लाजू नकोस.

जीआरई या प्रवेशपरीक्षेची धास्ती घेऊ नकोस. बऱ्याच विभागांनी ती काढून टाकली आहे. त्या त्या विभागाच्या सूचना तेवढ्या वाच. शिफारसपत्रं मात्र महिनाभर आधी माग, आणि मोठ्या नावापेक्षा तुला काम करताना पाहिलेला माणूस गाठ. माझं एक पत्र तीनदा आठवण करूनही शेवटच्या रात्री पोचलं. त्या रात्री मी किती वेळा पोर्टल उघडलं ते विचारू नकोस.

तुझा गार्नेट तुझ्याकडे आहेच. प्रकल्पात भूकंपमापकाच्या नोंदींत दर सहा-सात सेकंदांनी येणारी ती गुरगुर आठवते? समुद्रात वादळ आलं की वाढणारी? अहवालात तू ती ‘नॉइज’ म्हणून गाळून टाकलीस आणि मला फोनवर तासभर तिच्याबद्दलच सांगत बसलास. तिथूनच लिहायला लाग. कच्चा मसुदा रविवारपर्यंत पाठव, पेन्सिल टोकदार करून ठेवली आहे.

तुझाच,
मित्र